मुलामा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘मुलामा’ हा शब्द मराठीत कुणी कौतुकाने वापरत नाही. एखाद्याचे बोलणे वरवरचे वाटले की आपण म्हणतो, नुसता मुलामा आहे, आत काही नाही. गेल्या वर्षी मराठीच्या तासाला हा शब्द आला तेव्हा सरांनी फळ्यावर अर्थ लिहून दिला. हलक्या धातूवर चढवलेला भारी धातूचा पातळ थर. आणि लक्षणेने, ढोंग. सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला. मीही घेतला. आमच्या घरची चूल या शब्दावर पेटते, हे मात्र मी शेजारी बसलेल्या मित्रालासुद्धा सांगितले नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहानशा प्लेटिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षे कामाला आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. नळाच्या तोट्या, सलूनच्या खुर्च्यांचे पाय, बुलेटचे मडगार्ड आणि सायलेन्सर, असे जे जे चमकायला हवे ते ते त्यांच्या हातून जाते. चमकत नाहीत ते फक्त त्यांचे हात. बफिंगचा काळा मळ नखांच्या कडेला असा बसलेला आहे की दिवाळीच्या उटण्यानेही तो जात नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रवेशाचा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीपुढे मी ‘नोकरी’ एवढेच लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण खरे सांगायचे टाळण्यासाठी ते लिहिले होते, हे मला तेव्हाही कळत होते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत कारखान्यात एक बंपर आला, त्याची ही हकीगत आहे.

सांगलीकडचे एक निवृत्त डॉक्टर आपली जुनी गाडी घेऊन आले. गाडी इंग्लंडात तयार झालेली, एम.जी.बी. नावाची, दोन माणसांची, बसकी, गडद हिरव्या रंगाची, छत उघडणारी. १९६७ सालची. उद्यमनगरातले निम्मे लोक हातातले काम टाकून बघायला आले. डॉक्टरांना गाडीविषयी बोलण्याची हौस आणि मला ऐकण्याची. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्ड गावातले. एम.जी.बी. १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथे होत असे आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. आज आपल्या रस्त्यावर जी एम.जी.ची नवी मोटार दिसते, ती गुजरातेत हालोलला तयार होते. नाव तेच, घराणे मात्र बदललेले.

“आणि बंपरचं महत्त्व काय, तर ऐका,” डॉक्टर म्हणाले. अमेरिकेत १९७३ पासून असा नियम झाला की ताशी पाच मैलांच्या वेगाने गाडी समोरून भिंतीला धडकली तरी दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये. या गाडीचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत. म्हणून १९७४ च्या उत्तरार्धापासून तिचे पोलादी, चकाकते बंपर गेले आणि त्यांच्या जागी काळे, जाडजूड, रबरी वेष्टनाचे बंपर आले. गाडीची उंचीही थोडी वाढवावी लागली. कंपनीने नियम पाळला. पण शौकिनांना ते तोंड काही आवडले नाही. नंतरच्या गाड्यांचे काळे बंपर काढून जुने पोलादी बंपर बसवणारे लोक आजही आहेत. डॉक्टरांच्या गाडीला मुळातच पोलादी बंपर होता. पण तो डाव्या कोपऱ्याला चेपलेला, ठिकठिकाणी गंजलेला आणि क्रोमचे पापुद्रे सुटलेला असा होता.

शिवाय त्यांना एक फेरफार हवा होता. या बंपरवर दोन उभे ठोकळे असतात, त्यांना ओव्हररायडर म्हणतात. एक ठोकळा केव्हाच हरवला होता. दुसरा काढून टाकावा, दोन्ही जागची भोके बुजवावी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी सलग दिसावी, अशी त्यांची इच्छा. आण्णांनी बंपर उलटा करून पाहिला. म्हणाले, “साहेब, भोकं बुजवली तर बोल्ट कुठनं घालायचा?” डॉक्टर गप्प झाले. थोडा वेळ विचार करून आण्णाच म्हणाले, “आतल्या अंगानं दांड्या वेल्ड करू. म्होरनं काय बी दिसायचं न्हाई.”

त्याच भेटीत डॉक्टरांनी आण्णांच्या बोटांवरचे लहान गोल व्रण पाहिले. क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्यांच्या बोटांना असे खड्डे पडतात. मग त्यांनी विचारले, “मिस्त्री, नाकातून रक्त येतं का?” आण्णा हसले. “उन्हाळ्यात सगळ्यांच्याच येतंय की साहेब.” डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आणि तोपर्यंत टाकीपासून लांब राहा, असे बजावले. घरी आल्यावर आई म्हणाली, “पोरगं सुटीत मोकळंच हाय, त्याला घ्या हाताखाली.” अशा रीतीने मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी प्रथमच माझ्या बापाच्या कामाला हात लावला.

दहावीच्या विज्ञानात ‘विद्युत विलेपन’ दोन गुणांसाठी पाठ केलेले होते. धन ध्रुव, ऋण ध्रुव आणि एक सुबक आकृती. उद्यमनगरात गेल्यावर कळले की आकृतीतल्या काचेच्या भांड्याजागी वाफाळणाऱ्या टाक्यांची रांग असते, आणि टाकीत बुडवण्याचे काम हे सगळ्यात शेवटचे आणि सगळ्यात थोडे असते.

आधी जुना मुलामा उतरवायचा. क्रोम हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसत काही मिनिटांत विरघळते आणि आम्ल हिरवट होते. त्याखालचे निकेल काढण्यासाठी बंपर गंधकाच्या आम्लात ठेवून करंट उलटा सोडतात. जे चढले ते त्याच वाटेने उतरते. मग उघडे पोलाद हाती येते आणि बंपरचे सगळे वय दिसू लागते. चेपलेला कोपरा आण्णांनी आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलक्या हातोडीने तासभर बसवला. भोकांसाठी त्याच जाडीच्या पत्र्याच्या चकत्या कापल्या. “लांबी भरून का चालत न्हाई?” मी विचारले. गॅरेजात पत्र्याचे खड्डे लांबीनेच भरतात. आण्णा म्हणाले, “लांबीतनं वीज जाती का? जिथनं वीज जात न्हाई तिथं मुलामा बसत न्हाई.” वेल्डिंगही एकदम करायचे नाही. एक टिपका द्यायचा, निवू द्यायचे, मग दुसरा; नाहीतर जवळजवळ पाच फुटांची ती पट्टी उष्णतेने पिळवटते. मागच्या दांड्या लावून झाल्यावर बंपर गाडीला बसवून पाहिला. काय बसायचे न बसायचे ते मुलाम्याआधी बघायचे. नंतर कानस लावता येत नाही.

मग घासणे. आधी भरड एमरीचे चाक, मग बारीक, त्याहून बारीक, मग कापडी बफ. फिरत्या चाकासमोर पाच फुटांचा पत्रा दोन्ही हातांनी तोलून धरायचा. काठ जरा चुकीच्या बाजूने लागला की चाक बंपर हातातून हिसकावून घेते. पहिल्या दिवशी माझ्या हातून तो दोनदा निसटला. संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलला. आण्णा हे काम सव्वीस वर्षे करीत आले आणि घरी येऊन माझ्या वह्यांना कव्हरे घालीत आले.

घासून झाल्यावर तेलकटपणा काढण्यासाठी गरम कॉस्टिकमध्ये धुणे. परीक्षा साधी. बंपर पाण्यातून वर काढायचा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर स्वच्छ. पडदा फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. त्यानंतर तांबे. पहिला हात सायनाइडच्या टाकीत, कारण साध्या आम्लाच्या टाकीतले तांबे पोलादाला नीट धरत नाही. या टाकीजवळ आम्लाची बादली चुकूनही आणायची नाही, दोन्ही मिसळले तर जीवघेणा वायू सुटतो. मग दुसऱ्या टाकीत तांब्याचा जाड थर. तो चढला की पुन्हा बफ. बारीक खळगे तांब्याने भरतात, उंचवटे बफने जातात. जिथे खळगा राहिला तिथे पुन्हा तांबे, पुन्हा बफ. आण्णांचा नेम तीन वेळांचा होता.

नंतर निकेल. त्याचा थर साधारण पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. आणि सर्वांत शेवटी क्रोम, मायक्रॉनच्या निम्म्याहूनही पातळ, काही मिनिटांचे काम. मला वाटत असे की गंजापासून राखते ते क्रोम. तसे नाही. पोलाद राखते ते खालचे निकेल. पण निकेल हवेत पिवळट, मंद पडते. त्याची चमक राखण्यापुरते वर क्रोम. गाडी बघणारा ज्याला नावाजतो तो थर सगळ्यात पातळ, आणि राबणारे थर त्याच्याखाली, कुणाला न दिसणारे.

आण्णांची तपासणी ज्या दिवशी होती त्या दिवशी तांब्याचे काम माझ्याकडे होते. दोन हात झाले होते, तिसरा राहिला होता. उजवीकडच्या बुजवलेल्या भोकाच्या कडेला, वेल्डिंगमध्ये, सुईच्या टोकाएवढे एक छिद्र मला दिसले. दिसले नाही असे मी म्हणू शकत नाही. पण दुपारची वेळ, खांदे भरून आलेले, आणि बाकीचा बंपर आरशासारखा. मी बफचा साबण जरा जास्त लावला, ते छिद्र दिसेनासे झाले. टाकीवरच्या मामांना सांगितले, “झालं, निकेलला घ्या.” संध्याकाळी क्रोमच्या टाकीतून बंपर वर आला तेव्हा त्यावर निळसर चंद्रासारखी झाक होती. मालकांनी माझी पाठ थोपटली. “कॉलेजचा पोरगा, पण हात बापाचा हाय,” असे ते सगळ्यांसमोर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बंपर वर्तमानपत्रात गुंडाळताना त्याच जागी मला चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग दिसला. फडक्याने पुसला, गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्या छिद्रात अडकलेले आम्ल आतून पाझरत होते. रविवारी डॉक्टर बंपर न्यायला येणार होते. डाग पुसून, कागदात गुंडाळून दिला असता तर कुणाला कळले नसते. निदान पावसाळ्यापर्यंत तरी नाही. मी दिवसभर गप्प राहिलो.

त्या रात्री जेवताना आण्णांनी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले. नाकातल्या पडद्याला आरपार भोक पडले आहे. क्रोमच्या वाफेने असे होते. “नाकाला आधी दोन भोकं व्हती, आता तिसरं,” आण्णा म्हणाले आणि भाकरी मोडून खाऊ लागले. आई हसली नाही. मला तर घास गिळेना. मी म्हणालो, “आण्णा, बंपरला पण एक भोक राहिलंय.” आणि सगळे सांगून टाकले.

ते रागावतील असे वाटले होते. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “दिसलं व्हतं न्हवं तुला?”

“होय.”

“मग उद्या मालकास्नी तूच सांग. मी सांगणार न्हाई.”

सकाळी मालकांना सांगितले. मालक जे बोलले ते येथे छापण्याजोगे नाही. माझी आठ दिवसांची मजुरी कापली गेली, आणि ते योग्यच होते. डॉक्टरांना फोनही मलाच करावा लागला. मी अडखळत सांगितले. पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “जखमेत पू ठेवून वरून टाके घातले की असंच होतं. उघडा, साफ करा, पुन्हा घाला. रविवार कुठे पळून जात नाही.”

सगळे पुन्हा. क्रोम उतरवले, निकेल उतरवले, तांबे उतरवले. छिद्र कोरून मोठे केले, धुतले, पुन्हा वेल्ड केले, घासले. या वेळी तांब्याचे तीन हात झाले. प्रत्येक हातानंतर आण्णा डोळे मिटून त्या जागेवरून अंगठा फिरवीत. डोळ्याला चमक फसवते, बोटाला फसवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. चौथ्या दिवशी बंपर पुन्हा चकाकू लागला. मला वाटले, संपले. पण आण्णांनी तो पालथा घातला आणि ब्रश मागितला. आतल्या बाजूला, खोलगट भागात क्रोम पोचतच नाही. वीज काठांकडे धावते आणि खळग्यांत जात नाही. गंज सुरू होतो तो नेहमी मागून. म्हणून आण्णा आतल्या बाजूला प्रायमर आणि चंदेरी रंगाचे दोन हात देत बसले. मी म्हणालो, “मागं कोण बघणार?” ते म्हणाले, “पाणी बघतंय.”

मग मी त्यांना आमच्या तासाची गोष्ट सांगितली. मुलामा म्हणजे ढोंग, असा अर्थ आम्ही लिहून घेतला आहे, हे सांगितले. त्यांनी ब्रश थांबवला. “ढोंग कसं आसंल? लोखंडाचं सोनं झालं आसं कोण म्हणतंय? लोखंड सडू ने म्हणून घालायचा त्यो. खाली घाण ठिवून वर घातला तर त्ये ढोंग. त्यात मुलाम्याचा काय दोष?” सरांचा अर्थ चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही, कोशात तो आहेच. पण आण्णांचा अर्थ मी त्याच वहीत त्याखाली लिहून ठेवला आहे.

बंपर बसवायला डॉक्टर आले. पट्टी सलग, एकही बोल्ट दिसत नव्हता. त्यांनी आण्णांना गाडीत बसायचा आग्रह केला. “कपडं मळकी हाईत,” म्हणून आण्णा बसले नाहीत. ते गाडीसमोर उकिडवे बसले आणि बंपरमध्ये पाहू लागले. त्या वळणदार पत्र्यात त्यांचा चेहरा रुंद आणि हसरा दिसत होता. मी त्यांच्या मागे उभा होतो, म्हणून मीही त्यात आलो होतो.

कॉलेज सुरू झाल्यावर ग्रंथालयात बसून मी क्रोमियमविषयी मिळेल ते वाचले. १७९७ मध्ये व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सैबेरियातल्या तांबड्या खनिजात ते सापडले. त्याचे क्षार इतक्या रंगांचे की ग्रीक भाषेतल्या ‘रंग’ या शब्दावरून त्याचे नाव पडले. मोटारींवर ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस चढू लागले. टाकीतल्या विजेचा बराचसा भाग हायड्रोजनचे बुडबुडे करण्यात जातो. ते फुटले की क्रोमिक आम्लाचे बारीक तुषार हवेत उडतात आणि तेच नाकात जातात. हे षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केले आहे. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्याऐवजी कमी घातक अशी त्रिसंयुजी क्रोमियमची टाकीही आता निघाली आहे; पण तिची झाक किंचित वेगळी पडते आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांना तीच जुनी निळसर झाक हवी असते. त्या झाकेची किंमत कोण देतो, हे मी आता घरात पाहतो.

टाकीच्या कडेला वाफ ओढून घेणारा पंखा असावा लागतो. आमच्या कारखान्यातला बंद आहे. मालक वाईट मनुष्य नाहीत. दिवाळीनंतर बघू म्हणतात. मी शिष्यवृत्तीच्या पैशातून रबरी हातमोजे आणि वाफेपासून वाचवणारा मास्क आणला. हातमोजे आण्णा वापरतात. मास्क बहुतेक वेळ गळ्यात असतो. मी दर शनिवारी अर्धा दिवस जातो, आणि मी असेपर्यंत तो नाकावर असतो. टाकीवर त्यांनी उभे राहू नये, नुसते बफिंगच पाहावे, एवढे मालकांकडून कबूल करून घेतले आहे. पंख्याचे अजून व्हायचे आहे.

या वर्षी पुन्हा अर्ज भरला. संगणकावर ‘वडिलांचा व्यवसाय’ यापुढे यादी होती: शेती, नोकरी, व्यापार, इतर. मी ‘इतर’ निवडले. पुढे एक लहान चौकट उघडली. मी लिहू लागलो, ‘धातूंना मुलामा देणारे कारागीर, अनुभव सव्वीस वर्षे’. ‘कारागीर’ मधल्या ‘गी’पाशी चौकट संपली. मग नुसते ‘मुलामा कारागीर’ लिहिले, ते मावले. राहिलेले लिहायला वार्षिक अंकाच्या संपादकांनी मोठी चौकट दिली, म्हणून हा लेख.